अंगावरून वारे जाण्याआधी

आमच्या शेजारी तात्या राहतात. सात एकर कोरडवाहू रान, दोन बैल आणि एक गाय. माणूस मोठा कष्टाळू. कधी आजारी पडलेले मी त्यांना पाहिले नव्हते.

सन २०१६ मधली गोष्ट. मी तेव्हा गावच्या शाळेवर मुख्याध्यापक होतो. शाळेच्या ओट्यावर आरोग्य तपासणीचे शिबिर भरले. शहरातून गाडी आली. डॉक्टर आले, नर्सबाई आल्या. सारा गाव लोटला. दंडाला पट्टी बांधायची, ती फुगवायची, आकडा लिहायचा आणि चिठ्ठी हातात द्यायची. दुपारपर्यंत रांग हलत होती.

तात्या चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, काय लिवलंय बघा जरा."

चिठ्ठीवर लिहिले होते, १८४/१०६. खाली एक ओळ होती : तालुक्याच्या दवाखान्यात दाखवा.

मी वाचून दाखवले. म्हणालो, "तात्या, रक्तदाब फार वाढलाय. उद्याच्या उद्या तालुक्याला जाऊन या."

तात्या हसले. म्हणाले, "मला कुठं काय होतंय? सकाळपास्नं कुळव हाणून आलोय मी."

पेरणीचे दिवस होते. तात्या गेले नाहीत. काकूंनी चिठ्ठी जपून देव्हाऱ्यात ठेवली. मीही पुन्हा विचारले नाही. वाचून दाखवले म्हणजे माझे काम संपले, असे मी समजलो.

अकरा महिने गेले. एके दिवशी पहाटे तात्या धार काढायला उठले, ते गोठ्यातच कलंडले. उजवा हात लुळा, उजवा पाय लुळा. तोंड वाकडे झाले. बोलू गेले तर शब्द फुटेना. शेजारणी म्हणाल्या, "अंगावरून वारं गेलं." कोणी पारव्याच्या रक्ताने चोळा म्हणाले. कोणी अंगारा आणायला धावले. असे करता करता मोठ्या दवाखान्यात पोचायला दुपारचे तीन वाजले.

तात्या वाचले. पण उजवा हात गेला तो गेलाच. पुढे बैल विकावे लागले.

महिन्याभराने काकू ती चिठ्ठी घेऊन माझ्या दारी आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, ह्यात काय लिवलं हुतं, ते आता मला नीट समजावून सांगा."

मला मान वर करवेना. तेव्हा काकूंना जे समजावून सांगितले, आणि नंतर वाचून, विचारून जे मला कळले, तेच येथे लिहीत आहे.

वारे म्हणजे काय?

या दुखण्याला कोणी लकवा म्हणतात, कोणी पक्षाघात म्हणतात, कोणी अर्धांगवायू म्हणतात. नावात वायू आहे, वारे आहे. पण हे दुखणे वाऱ्याचे नव्हे. ते मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आहे.

आपला मेंदू डोक्याच्या कवटीत असतो. हात हलवायचा, पाय उचलायचा, बोलायचे, गिळायचे, या सर्वांचा हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूला सतत रक्त लागते. ते बारीक बारीक नळ्यांतून पोचते. या नळ्यांना रक्तवाहिन्या म्हणतात.

शेतातल्या ठिबकची नळी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात क्षार साचले की पाणी पुढे जात नाही. त्या जागचे रोप सुकते. मोटरीचा दाब फार वाढला तर जुना पाइप फुटतो. मग पाणी भलतीकडेच वाहते. मेंदूतही असेच दोन प्रकार होतात. कधी रक्ताची गुठळी अडकून रक्तवाहिनी बंद होते. कधी रक्तवाहिनी फुटून रक्त मेंदूत पसरते. दोन्हीत मेंदूचा तेवढा भाग मरू लागतो. त्या भागाच्या हुकमतीतला अवयव लुळा पडतो.

मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूवर हुकूम चालवते. बोलण्याची जागाही बहुतेकांच्या डाव्या बाजूलाच असते. म्हणून तात्यांचा उजवा हात गेला आणि वाचाही अडखळली.

दाब मोजतात तो कसला?

काळीज म्हणजे शरीरातला पंप. ते आवळते, तेव्हा रक्त जोराने पुढे जाते. ते सैल पडते, तेव्हा जोर कमी होतो. म्हणून रक्तदाबाचे आकडे दोन. वरचा आकडा काळीज आवळते तेव्हाचा. खालचा आकडा ते सैल पडते तेव्हाचा.

पूर्वी हा दाब पाऱ्याच्या नळीवर मोजत. दाबाने पारा किती मिलिमीटर चढला, तो आकडा लिहीत. आता यंत्रे बदलली, तरी माप तेच आहे.

निरोगी मोठ्या माणसाचा दाब १२०/८० च्या आसपास असतो. दवाखान्यात मोजलेला वरचा आकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक, असा निरनिराळ्या दिवशी पुन्हा पुन्हा आला, तर रक्तदाब वाढला आहे असे डॉक्टर ठरवतात.

आता खरी अडचण ऐका. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. ताप येत नाही, खोकला येत नाही, भूक मंदावत नाही. माणूस कुळव हाणतो, ओझे उचलतो, लग्नात नाचतो. आतल्या नळ्या मात्र दर दिवशी झिजत असतात. अर्धांगवायूच्या कारणांत वाढलेला रक्तदाब सर्वांत मोठा आहे. "मला काही होत नाही" हे तात्यांचे म्हणणे खोटे नव्हते. या दुखण्याची रीतच तशी आहे. म्हणून दुखण्याची वाट न पाहता, धडधाकट माणसाचाच दाब मोजावा लागतो. गावोगाव तपासणी करायची ती याचसाठी.

हे खेड्यातही होते काय?

पुष्कळांना वाटते, हे शहरातल्या बैठ्या लोकांचे दुखणे. आपण कष्ट करतो, आपल्याला कसे होईल? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात मिळाले आहे.

गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. तिने ८६ खेड्यांत २०११ ते २०१३ अशी दोन वर्षे प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली. घरच्या माणसांना विचारून मृत्यूचे कारण शोधले. सुमारे १६०० मृत्यू झाले होते. त्यांतले २२९ अर्धांगवायूने झाले होते. म्हणजे दर सात मृत्यूंत एक. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतके लोक मेले नव्हते. अर्धांगवायूने गेलेल्या दहांतले जवळजवळ नऊ जण घरीच गेले.

ही खेडी जंगलाकाठची, धानशेती करणाऱ्या कष्टकऱ्यांची. तेव्हा कष्ट करणाऱ्याला हे होत नाही, हा समज सोडून द्यावा.

तपासणीने खरेच फायदा होतो काय?

हा प्रश्न काकूंनी मला विचारला होता. "तपासणी तर झालीच हुती की! मग वारं कसं गेलं?"

प्रश्न रास्त आहे. जगात तीन ठिकाणी याची पारख झाली. ती हकिगत ऐका.

पहिली हकिगत जपानची. जपानच्या उत्तरेला आकिता नावाचा थंडीचा, बर्फाचा, भातशेतीचा मुलूख आहे. पूर्वी तेथले लोक हिवाळ्यात खारवलेली भाजी, लोणची आणि खारट रस्सा खात. दिवसाला २० ग्रॅमहून अधिक मीठ पोटात जाई. जपानभर अर्धांगवायूने फार माणसे मरत. १९५१ पासून पुढे जवळजवळ तीस वर्षे तेथे मृत्यूचे पहिले कारण तेच होते.

आकितामध्ये इकावा नावाचे लहान गाव आहे. १९६३ मध्ये तेथे मोठ्या माणसांचा रक्तदाब दरवर्षी मोजायला सुरुवात झाली. पण गावकरी आणि डॉक्टर मोजून थांबले नाहीत. ज्यांचा दाब वाढलेला, त्यांना औषधाला लावले. आरोग्यसेविका त्यांच्या घरी जात, पुन्हा मोजत. मीठ कमी कसे करावे, हे घरोघर शिकवले. हे काम एक वर्ष केले आणि सोडले, असे झाले नाही. वर्षानुवर्षे चालले. जवळच्या दुसऱ्या एका गावात इतके नेटाने काम झाले नव्हते. वीस-बावीस वर्षांनी दोन्ही गावांचा हिशेब मांडला. इकावात अर्धांगवायूचे प्रमाण दुसऱ्या गावापेक्षा पुष्कळ अधिक उतरले होते. पुरुषांमध्ये हा फरक फार स्पष्ट होता.

दुसरी हकिगत डेन्मार्कची. हा युरोपातला श्रीमंत देश. कोपनहेगन शहराच्या आसपास १९९९ मध्ये ३० ते ६० वर्षांच्या सुमारे १२ हजार लोकांना तपासणीसाठी निवडले. जे आले त्यांना तपासले. धोका असलेल्यांना खाणे, व्यायाम, विडीकाडी यांबद्दल पाच वर्षांत पुन्हा पुन्हा उपदेश केला. औषधपाणी मात्र ज्याच्या त्याच्या नेहमीच्या डॉक्टरवर सोपवले. दहा वर्षांनी पाहिले, तर अर्धांगवायू कमी झाला नव्हता. न बोलावलेल्या लोकांइतकाच या लोकांनाही झाला होता. त्या देशात प्रत्येकाला आपला डॉक्टर असतो. त्यामुळे एरवीही पुष्कळांची तपासणी होतच असणार. पण एवढे खरे की तपासणी आणि उपदेश यांनी तेथे काही साधले नाही.

तिसरी हकिगत चीनच्या खेड्यांची. तेथे ३२६ गावे घेतली. रक्तदाब वाढलेली सुमारे ३४ हजार माणसे होती. २०१८ मध्ये काम सुरू झाले. निम्म्या गावांत नेहमीसारखेच चालू ठेवले. उरलेल्या १६३ गावांत गावच्याच वैद्यकीय कार्यकर्त्याला शिकवून तयार केले. कोणती गोळी आधी द्यायची, दाब उतरला नाही तर पुढे काय करायचे, हे त्याला ठरवून दिले. गोळ्या स्वस्त किंवा फुकट दिल्या. रोग्याला घरी दाब मोजायला यंत्र दिले. महिन्याच्या महिन्याला भेट ठेवली. तीन वर्षे हे चालले. २०२३ मध्ये निकाल छापून आला. या १६३ गावांत अर्धांगवायू दुसऱ्या गावांपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी झाला होता. म्हणजे जेथे तिघे पडले असते, तेथे दोघेच पडले.

आता तिन्ही हकिगती शेजारी शेजारी ठेवा. जपानात आणि चीनमध्ये मोजल्यानंतर औषध मिळाले, पुन्हा मोजले गेले, कोणी तरी पाठपुरावा केला. तेथे माणसे वाचली. मोजणे ही पेरणी झाली. पेरून घरी बसले तर पीक येत नाही. खुरपावे लागते, पाणी द्यावे लागते, राखण करावी लागते.

आमच्या गावच्या शिबिराने पेरणी केली आणि गाडी निघून गेली. राखण आम्ही कोणीच केली नाही. तात्यांनी नाही आणि मीही नाही.

आकडा नीट मोजला पाहिजे

घाईत मोजलेला आकडा फसवतो. म्हणून एवढे पाहावे.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू, मिश्री घेऊ नये. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. हात काळजाच्या उंचीवर, टेबलावर किंवा उशीवर ठेवावा. पट्टी उघड्या दंडावर बांधावी, सदऱ्यावरून नव्हे. मोजताना बोलू नये. थोड्या वेळाने पुन्हा मोजावे.

एकदा आकडा वाढला म्हणून घाबरून जाऊ नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्यावे. मात्र वरचा आकडा १८० च्या वर किंवा खालचा ११० च्या वर असेल, तर दिवस घालवू नये. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे. तात्यांचा आकडा १८४ होता, हे तुम्हांला आठवत असेल.

गोळी किती दिवस?

रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची असते. बरे वाटते म्हणून सोडायची नसते. बरे वाटते ते गोळीमुळेच. बांध घातला म्हणून पाणी अडले, आता बांध काढून टाकू, असे कोणी म्हणते काय?

डॉक्टर लोकांनी मोठमोठ्या पाहण्यांतून हिशेब काढला आहे. वरचा आकडा १० ने उतरला, तर अर्धांगवायूचा धोका सुमारे एकचतुर्थांशाने उतरतो. रोजच्या एका लहान गोळीचे हे काम आहे.

गोळीने कधी पाय सुजतात, कधी चक्कर येते. तसे झाले तर डॉक्टरला सांगावे. ते गोळी बदलून देतात. आपल्या मनाने बंद करू नये. शेजाऱ्याची गोळी आपण खाऊ नये, आपली त्याला देऊ नये.

मीठही कमी केले पाहिजे. दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, याहून कमी मीठ असावे. भाजी, भाकरी, लोणचे, पापड, ठेचा, सुके मासे, हे सारे त्या एका चमच्यात आले. ताटात वरून मीठ वाढून घेण्याची सवय आधी सोडावी. विडी, तंबाखू आणि दारू यांनीही धोका वाढतो. मधुमेह असेल तर त्याचेही औषध चालू ठेवावे.

तपासणी कोठे होते?

आता शिबिराच्या गाडीची वाट पाहण्याचे कारण नाही. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षे व त्यापुढच्या प्रत्येक स्त्रीपुरुषाचा रक्तदाब मोजायचा असतो. आपल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. आशाताईंना विचारावे, त्या वार सांगतील. तपासणी आणि गोळ्या तेथे फुकट असतात.

आपल्या देशात २०१७ पासून रक्तदाबासाठी निराळा उपक्रम सुरू झाला. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. औषधाची एकच सोपी पद्धत, घराजवळच्या केंद्रात गोळ्या आणि प्रत्येक रोग्याच्या नावाची नोंद, हे त्याचे सूत्र. कोण आला नाही, हे नोंदीवरून कळते. मग त्याला बोलावणे धाडता येते.

गोळ्या संपल्या असतील तर गप्प घरी येऊ नये. पुन्हा कधी येतील ते विचारावे. ग्रामसभेत बोलावे. औषध मागणे ही भीक नव्हे.

झटका आलाच तर?

चार गोष्टी पाठ कराव्यात.

तोंड : हसायला सांगा. एका बाजूला वाकडे होते काय?

हात : दोन्ही हात वर करायला सांगा. एक खाली पडतो काय?

बोलणे : नाव विचारा. जीभ अडखळते काय?

वेळ : यांतले एक जरी दिसले, तरी घड्याळ पाहा आणि ताबडतोब १०८ नंबरला फोन करा.

गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन असते. ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी मेंदूचा फोटो काढून रक्तवाहिनी बंद झाली आहे की फुटली आहे, हे पाहावे लागते. फुटली असेल तर ते इंजेक्शन चालत नाही. म्हणून फोटोची सोय असलेल्या दवाखान्यातच न्यावे, आणि लवकर न्यावे. रोग्याला कुशीवर निजवावे. पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नये. गिळता येत नसेल तर ते श्वासात जाते. पारव्याचे रक्त, अंगारा, मालिश यांत वेळ जातो. गेलेली वेळ परत येत नाही. थोड्या वेळात आपोआप बरे वाटले, तरी दवाखाना चुकवू नये. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो.

काकूंची वही

त्या दिवशी काकूंना मी हे सारे सांगितले. त्यांनी एकच विचारले, "गुरुजी, मला आकडं वाचाया येतील का?"

मी म्हणालो, "येतील की! त्यात काय अवघड?"

महिन्याभरात त्या शंभरापर्यंत आकडे शिकल्या. मग दोनशेपर्यंत. आता दर महिन्याला त्या तात्यांना घेऊन उपकेंद्रात जातात. स्वतःचाही दाब मोजून घेतात. त्यांचा स्वतःचा १६२ निघाला होता. त्यांनाही काही होत नव्हते! आज दोघेही गोळी घेतात. काकूंच्या वहीत तारीख असते आणि दोन दोन आकडे असतात. गेल्या महिन्यात त्यांचा १३२/८४ होता आणि तात्यांचा १३६/८२. तात्या डाव्या हाताने जेवतात. काठी घेऊन पारापर्यंत जातात. गेलेला हात परत आला नाही.

मीही आता एक गोष्ट करतो. गावात कोणाची तपासणी झाली आणि आकडा वाढलेला निघाला, तर पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी जातो. "गोळी चालू आहे ना?" एवढेच विचारतो. माझे काही लोकांना जड वाटते. वाटू दे.

वाचा आणि उत्तरे द्या

१. तुमचा रक्तदाब शेवटी कधी मोजला? आकडे किती होते?

२. तुमच्या घरात ३० वर्षांवरची किती माणसे आहेत? त्यांतील कोणाचा दाब अजून मोजलेला नाही?

३. तात्यांची चिठ्ठी कोठे राहिली? ती कोठे पोचायला हवी होती?

४. झटक्याच्या चार गोष्टी न पाहता सांगा. मग घरातल्या लहान मुलालाही पाठ करायला लावा.